कडेच्या रांगेतली झाडं

स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची काच वर सरकवून नलिनीताई आपलं ओलं मनगट बाहेर धरायच्या आणि डोळे मिटून काही क्षण तशाच उभ्या राहायच्या. एडिनबराची सकाळ त्या वेळी दुधासारखी धूसर, समुद्रावरून आलेल्या धुक्याने जड झालेली असायची. समोरच्या दगडी इमारतींची धुराडी त्या धुक्यात अर्धीअधिक विरघळलेली असायची आणि एखाद्या सीगलचा कर्कश आवाज कुठून येतो ते कळायचं नाही. मनगटावरच्या पाण्याला वारा कुठल्या बाजूने स्पर्श करतो, तो किती तहानलेला आहे, हे जणू त्या कातडीने वाचत असाव्यात. मग हात आत घेऊन, पदराला पुसावा तसा कार्डिगनला पुसत त्या म्हणायच्या, "आज कपडे वाळायचे नाहीत."

आणि ते खरंच वाळायचे नाहीत. त्या जुन्या घराच्या छताला कप्पीवर वरखाली होणारी लाकडी चौकट टांगलेली होती. तिच्यावर पसरलेले आमचे सलवार-कुडते, टॉवेल, पायमोजे दिवसचे दिवस दमट राहायचे. नलिनीताई खालून त्यांच्याकडे स्नेहाने पाहायच्या. ज्या बाईच्या आयुष्याचा अर्धा काळ पाणी कसं उडून जातं हे मोजण्यात गेला होता, तिला पाणी न सोडणाऱ्या या कपड्यांचं कौतुक वाटत असावं.

मी नागपूरची. नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. एका वित्तसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात काम मिळालं म्हणून मी वर्क व्हिसावर एडिनबराला आले होते, आणि मेडोज नावाच्या मोठ्या हिरव्या मैदानाजवळच्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मला मिळाली होती. नलिनीताई मूळच्या अमरावतीच्या. शिकायला म्हणून तरुणपणी इथे आल्या, इथेच संसार झाला, इथेच नवरा गेला. मुलगी लीना याच देशात जन्मली, वाढली, आणि आता लंडनजवळ हाउन्सलोला राहत होती. तिचा नवरा डेव्हिड हीथ्रो विमानतळावर मालवाहतुकीच्या कामाला होता. नलिनीताई उंच, सडपातळ, केसांचा आखूड कापलेला रुपेरी मुकुट असलेल्या. डोळे मात्र कायम किंचित बारीक केलेले. स्कॉटलंडच्या त्या मंद, पाणीदार उजेडातही त्यांना दूरचं कुठलं तरी प्रखर ऊन दिसत असल्यासारखे.

ते ऊन ओमानचं होतं. तिथे डोंगराच्या पायथ्याशी वाळवंटाला लागून एक गाव आहे, आणि गावाला वेढून खजुराची दाट बाग. डोंगराच्या पोटातलं पाणी दगडी पाटांनी वाहत येतं आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या झाडांना मिळतं. त्या बागेच्या माथ्यावर नलिनीताईंनी आपल्या विद्यापीठातर्फे एक लोखंडी मनोरा उभारला होता; त्यावरची उपकरणं ऊन, वारा, उष्णता आणि पानांतून निघून जाणारं बाष्प मोजायची. वर्षातून एकदोनदा त्या तिथे जाऊन येत. परतल्यावर कितीतरी दिवस त्यांच्या बोलण्यात सावली असायची. "वाळवंटातून चालत येऊन त्या बागेत पाऊल टाकलं ना अनघा," त्या म्हणायच्या, "की कोणीतरी कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटतं."

पण त्या बागेत एक कोडं होतं. झाडांना पाण्याची वाफ करायला जी ऊर्जा लागते ती सूर्याकडून यावी, असा सरळ हिशेब. नलिनीताईंच्या मोजणीत मात्र दुपारच्या वेळी बाग जितकं ऊन घेई, त्याहून जास्त ऊर्जेचं पाणी सोडताना दिसे. ताळा जमत नव्हता. त्यांच्या विभागप्रमुखांनी अतिशय सौम्य शब्दांत सांगून टाकलं होतं की उपकरणं चुकत आहेत.

एका रविवारी पोहे परतता परतता त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे उन्हाळ्यात कूलर असायचा ना, वाळ्याच्या ताट्यांचा?"

"असायचा की. बाबा दुपारभर त्याच्यात पाणी ओतत बसायचे."

"तो कूलर उन्हात ठेवायचे?"

"छे! मागच्या बाजूला, सावलीत."

"मग सावलीतलं पाणी कोण पळवायचं?"

मे महिन्यातली नागपूरची दुपार, बंद खिडक्या, वाळ्याचा ओला सुगंध, आणि बाहेर रस्त्यावरून भणाणत फिरणारी ती आंधळी गरम हवा, सगळं एकदम त्या थंड स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं. "लू," मी म्हणाले. "लू पळवायची."

नलिनीताई लहान मुलीसारख्या हसल्या. "तेच तर मी सगळ्यांना सांगतेय. उष्णता फक्त वरून येत नाही, बाजूनेही येते. वाळवंट सगळं ऊन पिऊन तापतं आणि वाऱ्याबरोबर ते बागेच्या अंगावर धाडतं. ते ज्यांच्या तोंडावर आदळतं, ती कडेची झाडं सगळ्यांत जास्त पाणी सोडतात. आणि म्हणून आतली बाग गार राहते."

ही गोष्ट विद्यापीठातल्या वादापुरती राहिली असती तर त्यांनी ती धीराने वाट पाहत सोडवली असती. पण डोंगरातलं पाणी वर्षागणिक आटत चाललं होतं. गावाला सल्ला द्यायला आलेल्या तज्ज्ञांनी असं सुचवलं होतं की वाळवंटाकडची, सर्वांत बाहेरची खजुरांची रांग सगळ्यांत जास्त पाणी खाते, तेव्हा ती तोडावी आणि ते पाणी आत वळवावं. उन्हाळा संपला की कुऱ्हाड लागणार होती. नलिनीताईंचं म्हणणं, ती रांग तोडली की तिच्या मागची रांग कडेची होईल, मग तीही जास्त पिऊ लागेल, मग तीही तोडावी लागेल. आणि अशी एकेक करत सगळी बाग वाळवंटाच्या पोटात जाईल. त्यांना हे अंतःकरणातून ठाऊक होतं, पण दाखवता येत नव्हतं. कारण ज्या दिवसांत तो भाजणारा वारा सुटतो त्या दिवसांत तिथे कोणी मोजायला थांबतच नसे. धुळीने उपकरणं आंधळी होतात. ती दिवसातून अनेकदा पुसायला कोणीतरी जाणतं माणूस मनोऱ्यापाशी असावं लागतं.

त्या उन्हाळ्यात जायचं त्यांनी ठरवलं. आणि त्याच उन्हाळ्यात लीनाला पहिलं मूल होणार होतं.

लीनाचा फोन दर रविवारी यायचा. त्या दिवशी नलिनीताईंनी स्पीकर चालू ठेवला होता, हात कणकेत होते म्हणून. मी उठून जाऊ लागले, तर त्यांनी मानेनेच बस म्हटलं.

"आई, तू नको जाऊ," लीनाचं मराठी जपून पावलं टाकत यायचं. "माझा बाळ येणार आहे."

"अगं, मी कितीतरी आधी परत येते. तुझी तारीख जुलैअखेरची आहे."

"बेबी कॅलेंडर नाही वाचत, आई. तुझा झाड थोडा वेट करेल."

"झाड करेल गं. वारा नाही करणार. आणि कुऱ्हाडही."

तिकडे पाठीमागून एक विमान खाली उतरताना ऐकू आलं, हाउन्सलोच्या घरांवरून जातात तसं, सगळं बोलणं झाकून टाकत. ते गेल्यावर लीना म्हणाली, "आणि मी? मी नेहमी वेट करते, म्हणून मला चालतं?"

नलिनीताईंनी कणकेचा गोळा पुन्हा मळायला घेतला. मळून झालेली कणीक त्या बराच वेळ मळत राहिल्या.

त्या गेल्या. जूनमधल्या एडिनबराचा उजेड मावळायचं नावच घेत नाही; मैदानावर पोरं फुटबॉल खेळत राहतात आणि आभाळ फिकट शिंपल्यासारखं उघडं असतं. अशा एका लांबलेल्या संध्याकाळी फोन वाजला. उपग्रहावरून येणाऱ्या त्या आवाजात प्रत्येक वाक्यानंतर एक पोकळी असायची, जणू शब्द आधी आकाशात जाऊन विचार करून खाली येत होते.

"अनघा, लीना फोन उचलत नाहीये. डेव्हिडचा निरोप होता, पण त्याचाही फोन आता इथून लागत नाहीये. लवकर झालं म्हणे. मुलगी. तू त्याच्याशी बोलशील का? दोघी ठीक आहेत का, तेवढं विचार आणि मला सांग."

मी डेव्हिडला फोन केला. बाळ वजनाला कमी होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं; पण दोघींना धोका नव्हता. नलिनीताईंचा पुन्हा फोन आला तेव्हा मी ते सगळं सांगितलं.

"नक्की धोका नाही?"

"नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंय."

पोकळी. तिच्यातून एक सततचा, खरखरीत, दीर्घ श्वासासारखा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "वारा आजच सुरू झालाय गं. ऐकू येतोय का तुला?"

"येतोय."

"मग मी इथेच थांबते." आणि थोड्या वेळाने, फार हळू, "तू जाशील का तिच्याकडे? माझ्याऐवजी नको. तू म्हणून जा."

मी सुट्टी काढून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लंडनला गेले. हॉस्पिटलमधल्या त्या खोलीला पिवळट पडदे होते आणि खिडकीतून विमानांची पोटं दिसायची. लीनाने माझ्याकडे पाहिलं. आईसारखेच डोळे, पण पूर्ण उघडलेले, रडून कोरडे झालेले.

"तिने तुला पाठवला?"

"विचारलं मला. मी आले."

"आणि ती?"

"वारा सुरू झालाय," मी म्हणाले, आणि म्हणताना ते वाक्य किती निष्ठुर आहे ते मला ऐकू आलं.

लीनाने मान भिंतीकडे वळवली. मग ती म्हणाली, "बस ना. तू का उभी आहेस?" मी बसले. काचेच्या त्या उबदार पेटीत ते मूठभर जीवन आपल्या अस्तित्वाची चाचपणी करत होतं. बोटं उघडत होतं, मिटत होतं, आणि झोपेतच कसल्यातरी विचाराने भुवया उंचावत होतं. मी आठवडाभर त्यांच्या घरी राहिले. वरणभात केला, डिंक मिळाला नाही म्हणून नुसत्या खोबऱ्या-खारकांचे लाडू केले. लीनाने आईबद्दल एक शब्दही काढला नाही.

नलिनीताई परतल्या त्या हीथ्रोवरून थेट हाउन्सलोला गेल्या. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं, तुटक तुटक. लीनाने दार उघडलं, चहा केला, बाळ मांडीवर दिलं. काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. पाहुण्यांशी वागावं इतक्या अदबीने वागली. निघताना एवढंच म्हणाली, "ट्रेन मिस होईल तुझा."

त्यानंतर रविवारचा फोन यायचा थांबला. नलिनीताईंचा चेहरा उन्हाने तांब्यासारखा झाला होता, ओठांना चिरा पडल्या होत्या, आणि त्या सगळ्या तापलेपणाच्या आत एक विलक्षण मूक गारठा उतरला होता. त्यांनी फोन केला की डेव्हिड उचलायचा, बाळाचं वजन सांगायचा, आणि लीना अंघोळीला गेली आहे असं म्हणायचा. बाळाचं नाव ईशा ठेवलं होतं, हेही त्याच्याकडूनच कळलं.

शरद ऋतू आला. मैदानाच्या कडेची झाडं पेटून उठावीत तशी लाल-पिवळी झाली आणि मग एकेक करत स्वतःतला प्रकाश खाली ठेवू लागली. नलिनीताई रोज कॉम्प्युटरसमोर बसून त्या वाऱ्याच्या दिवसांची मोजणी उलगडत होत्या. उत्तर अगदी स्वच्छ आलं. भर वाऱ्याच्या दुपारी बाहेरची रांग सूर्याने दिलेल्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचं पाणी सोडत होती, आणि तिला ओलांडून आत गेलेला वारा शांत, निवळलेला होऊन जात होता. आतली झाडं त्यामुळेच थोडक्यात भागवत होती. विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि कबूल केलं की इतकी वर्षं ते फक्त वर पाहत होते. गावात पाण्याच्या पाळ्या बघणारे नासिर म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी फोनवर कळवलं की तोडणी थांबली. नलिनीताईंच्या सांगण्यावरून भरमसाट पाणी पिणारा लसूणघासाचा चारा उन्हाळ्यात पेरणं बंद करायचं आणि कडेच्या रांगेच्याही पुढे, वाळवंटाच्या अंगाला, शमीची रोपं लावायची असं ठरलं. शमी तिकडेही होते. तिची मुळं खोल जातात. एकदा रुजली की ती पाटाचं पाणी मागत नाही.

फोन ठेवून नलिनीताई खिडकीपाशी गेल्या. मी म्हटलं, "ताई, आज काहीतरी गोड करू या." त्या म्हणाल्या, "कर. तू खा." त्यांच्या आवाजात आनंद होता, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिलेला असावा तसा.

डिसेंबरात सूर्य एडिनबराच्या छपरांना जेमतेम टेकून जातो. अशा एका तिरप्या, मधाळ दुपारी दाराची घंटा वाजली, आणि दारात लीना उभी होती; छातीशी बांधलेली ईशा, हातात बॅगा, नाक थंडीने लाल. कोणालाही न कळवता ती आली होती. नलिनीताईंनी बाळाला घेतलं. लीना कोट न काढताच स्वयंपाकघरात गेली, प्रवासात ओले झालेले ते इवलेसे कपडे धुतले आणि छताची चौकट खाली ओढून त्यावर वाळत घातले. मी माझ्या खोलीत जायला निघाले, तर लीना म्हणाली, "तू थांब, अनघा. तू होतीस तिकडे."

मग ती आईसमोर बसली. "सांग मला. काय होता एवढा मोठा तिथे? इंग्लिशमध्ये नको सांगू. तू इंग्लिशमध्ये लेक्चर देते."

नलिनीताईंनी सांगितलं. अगदी साध्या मराठीत, ईशाच्या पाठीवर थोपटत, जशी झोपताना गोष्ट सांगावी तशी. वाळवंट कसं तापतं, वारा कसा येतो, कडेची झाडं कशी उभी राहून तो सगळा अंगावर घेतात, आणि त्यांच्या आडोशाने आत संत्री-लिंबं लागतात, पाटाकाठी बायका भांडी घासतात, लोकांना वाटतं बाग मुळातच गार आहे.

लीना ऐकत होती. ऊन तिच्या गालावरून सरकत सरकत टेबलाच्या कडेवर गेलं. मग ती म्हणाली, "आई, बाबा गेला तेव्हा तू गेली होती तिकडे. माझा ग्रॅज्युएशन होता, तेव्हा पण. सगळे म्हणतात, तुझी आई किती ग्रेट. सगळ्यांना तू गार करते." ती थांबली, तिला शब्द सापडत नव्हता, आणि मग सापडला. "मी तुझ्या कडेला होते. सगळा वारा मला लागला."

मला वाटलं, आता नलिनीताई काही समजावतील. त्यांच्यापाशी कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. पण त्यांनी फक्त मान वर केली. ते कायम बारीक केलेले डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडलेले मी पाहिले.

"हो," त्या म्हणाल्या. "तुलाच लागला. आणि तू कधी सुकली नाहीस, म्हणून मी वळून पाहिलंच नाही."

लीना रडली नाही. तिने हात पुढे करून ईशाचं सरकलेलं टोपडं नीट केलं, आणि तो हात तसाच, आईच्या हातावर, राहू दिला.

पुढच्या उन्हाळ्यात नलिनीताई ओमानला गेल्या नाहीत. मनोरा विद्यापीठाच्या दुसऱ्या लोकांनी जाऊन उतरवला. त्यांनी निवृत्ती घेतली, एडिनबराचं घर विकलं आणि हाउन्सलोला लीनाच्या घरापासून चार पावलांवर एक लहानशी जागा घेतली. मी कामासाठी लंडनला गेले की त्यांच्याकडे उतरायचे. विमानांखालच्या त्या गजबजलेल्या उपनगरात त्या ईशाचं बोट धरून हळूहळू चालत जाताना दिसायच्या. दुकानाच्या दारातल्या कोथिंबिरीच्या जुड्या, बसची लाल कड, कोणाच्या तरी कुंपणावर वाळणारी चादर, प्रत्येक गोष्टीपाशी दोघी सारख्याच कुतूहलाने थांबायच्या. कधी मी विचारायचे, "बागेची आठवण येते?" त्या म्हणायच्या, "येते ना. पण आता ती बाग माझ्याशिवाय जगायला शिकलीय. आणि ही," ईशाकडे पाहून, "ही अजून नाही शिकली."

दशक सरत आलं होतं तेव्हा, एका वसंतात, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर आरामखुर्चीत बसल्या बसल्याच त्या गेल्या. लीना शेजारी होती. ईशा पायाशी रंगीत खडू घेऊन बसली होती. आजीला झोप लागली असं समजून तिने आवाज न करता आपलं चित्र पूर्ण केलं. नासिरांचा फोन आला तेव्हा त्यांनी लीनाला सांगितलं की शमी आता माणसाहून उंच झाली आहे, तिच्या मागची खजुरं पुन्हा भरून आली आहेत, आणि गावातल्या मशिदीत नलिनीताईंसाठी दुआ मागितली गेली. लीनाने ते मला सांगितलं, मोडक्या, सुंदर मराठीत, मधेमधे थांबत.

आता कितीतरी वर्षं लोटली. त्यांचा आवाज आठवायला गेले तर नेमका हाती लागत नाही, चेहऱ्याच्या रेषाही उजेडात धरलेल्या जुन्या कागदासारख्या फिकट होत चालल्या आहेत. काळ माणसाचं सगळं थोडं थोडं करून नेतो, इतक्या हळू की नेताना तो दिसत नाही. आणि तरीही एखाद्या रणरणत्या दुपारी, कशासाठीही न थांबता चालत असताना, अकारण पावलं मंदावतात, मन निवतं, आणि कळतं की जे निघून गेलं ते आपल्या आयुष्यावर कुठेतरी सावली धरून अजून उभं आहे.